घोडं पेंड कुठं खातं?

मराठी माणसाचा घोड्याशी प्रत्यक्ष संबंध आता जवळजवळ संपला आहे. झालाच तर आयुष्यात एकदा, लग्नाच्या वरातीत. आणि त्या वेळीही वरच्या माणसाला खालच्या जनावरापेक्षा स्वतःच्या फेट्याची काळजी जास्त असते. पण भाषेत मात्र आपण घोडी मोकाट सोडलेली आहेत. मुलीच्या बापाचं लग्नाचं घोडं अडतं, आळशी माणसाचं वरातीमागून येतं, परीक्षा जवळ आली की घोडामैदान जवळ येतं, बुद्धिबळातला घोडा अडीच घरं चालून वजिराला गाठतो. आणि कुठलंही काम कुठेही अडलं की आपण गंभीर चेहरा करून म्हणतो, "घोडं इथेच पेंड खातंय."

या सगळ्या तबेल्यात एक घोडा असा आहे की जो धावत नाही, खिंकाळत नाही, पेंडही खात नाही. तो मान वर करून निमूट उभा राहतो आणि चाप ओढला की समोरच्या वस्तूवर डोकं आपटतो. तो म्हणजे बंदुकीचा घोडा. या घोड्याने डोकं आपटायचं ते नेमक्या जागी. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. जागा चुकली की बार होत नाही, आणि बार झाला नाही की काय काय होतं, हे मी तळकोकणात आमच्या काकांच्या घरी पाहिलं आहे.

काकांकडे ठासणीची बंदूक आहे. पुण्यामुंबईच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघतो आणि मग दाराकडे. म्हणून खुलासा करतो. कोकणात पिकाच्या रक्षणासाठी शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना मिळतो. काकांचा परवाना त्यांच्या वडिलांनंतर त्यांच्याकडे आला, बंदूकही तीच आली. ती ज्या कपाटात कुलूपबंद असते त्याच कपाटात काकूची ठेवणीतली लुगडी असतात. त्यामुळे बंदुकीला डांबराच्या गोळ्यांचा आणि लुगड्यांना दारूचा असा संमिश्र वास येतो.

या बंदुकीने आजवर कोणाचा जीव घेतल्याचं ऐकिवात नाही. काकांचं वैर वानरांशी. त्यांना मारायला कायद्याची परवानगी नाही, आणि असती तरी काकांच्या हातून ते झालं नसतं, कारण दर शनिवारी ते ज्याच्यापुढे नारळ फोडतात तो देव याच कुळातला. एरवी नारळ फोडायचं काम ते कूळ परस्पर उरकतं, एवढाच काय तो वाद. तेव्हा काकांच्या बंदुकीत छर्रे नसतात, शिसं नसतं. नळीत मोजकी दारू, त्यावर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं आणि आभाळाकडे तोंड करून बार काढायचा. वानरं पळतात, चार दिवस नारळ उरतात. म्हणजे ही बंदूक केवळ बोलण्यासाठी आहे, करण्यासाठी नाही. या अर्थाने ती बरीचशी आपल्यासारखीच मध्यमवर्गीय आहे.

आता ही बंदूक बोलते कशी, हे थोडं सांगायला हवं. नळीच्या मागच्या टोकाला एक बोंडासारखी उभी नळकांडी असते. तिला निपल म्हणतात. तान्ह्या मुलाच्या दुधाच्या बाटलीवर जे असतं त्याचंही नाव तेच, सायकलच्या तारेला चाकात आवळून धरतं त्याचंही तेच. एकाच नावाच्या वस्तूने मूल गप्प होतं आणि बंदूक बोलू लागते. या निपलाच्या पोटातून सुई जाईल एवढं भोक थेट आतल्या दारूपर्यंत जातं. निपलाच्या डोक्यावर तांब्याची एक चिमुकली टोपी बसवायची. तिला आमच्याकडे केप म्हणतात. मटारच्या दाण्याहून लहान. टोपीच्या आत स्फोटकाचा एक कण. घोडा टोपीवर पडला की कण पेटतो, ठिणगी भोकातून आत जाते आणि बार होतो.

ही युक्ती शोधून काढली एका धर्मोपदेशकाने. स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनजवळ बेलहेल्वी नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये रेव्हरंड अलेक्झांडर जॉन फोर्साइथ प्रवचन करीत आणि उरलेल्या वेळात बदकं मारीत. त्या काळी बंदुका चकमकीच्या. चकमकीची ठिणगी पडायची, बाहेरची रंजक भपकन पेटायची, आणि मग क्षणभराने आतली दारू उडायची. हा भपकारा दिसला की तेवढ्या क्षणात बदकं पसार. रविवारी लोकांना सबुरी शिकवणाऱ्या या माणसाची सोमवारी स्वतःची सबुरी सुटली असणार. एडवर्ड हॉवर्ड यांनी १८०० साली पाऱ्यापासून केलेल्या एका स्फोटकाची माहिती प्रसिद्ध केली होती. नुसता ठोका बसला तरी उडणारं. अशा ठोक्याने पेटणाऱ्या मसाल्याचा उपयोग फोर्साइथसाहेबांनी बंदूक पेटवण्यासाठी केला आणि १८०७ साली पेटंट घेतलं. त्यांच्या पहिल्या यंत्राचा आकार अत्तराच्या कुपीसारखा होता म्हणून त्याला नावही तेच पडलं. तांब्याची टोपी त्यानंतर काही वर्षांनी आली. ती आपणच शोधली असं म्हणणारे पुष्कळ निघाले; त्यातले एक, जोशुआ शॉ, हे इंग्लंडातून अमेरिकेत गेलेले निसर्गचित्रकार होते. एक धर्मोपदेशक आणि एक चित्रकार. बंदुकीचा इतिहास असा सज्जनांच्या हातून घडला आहे.

१८३४ साली इंग्लंडमध्ये वूलिचला सरकारी चाचणी झाली. दोन्ही प्रकारच्या बंदुकांचे प्रत्येकी ६,००० बार काढले. चकमकीची बंदूक ९२२ वेळा फसली, केपाची फक्त ३६ वेळा. म्हणजे १६६ बारांत एक फुसका. मग केपाचंच राज्य सुरू झालं. १८५७ साली ज्या काडतुसांच्या चरबीवरून हिंदुस्थान पेटला ती काडतुसं १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीची. तीही ठासणीची आणि केपाचीच. इतिहासाच्या पुस्तकात चरबीला मोठं स्थान मिळालं. घोड्याला आणि निपलाला कोणी विचारलं नाही, कारण ते दोघं आपापल्या जागी बिनबोभाट भेटत होते. जे बिनबोभाट चालतं त्याची नोंद होत नाही.

काकांच्या बंदुकीत ही भेट चुकू लागली. आधी दहातला एक बार फसायचा, मग तीन, मग पाच. काका आभाळाकडे नळी करून चाप ओढायचे. खट् असा आवाज व्हायचा. माडावरची वानरं खाली बघायची. काका पुन्हा घोडा चढवायचे. पुन्हा खट्. तिसऱ्या खटेला एका वानराने सावकाश नारळ पिळून तोडला आणि काकांच्या समोर टाकला. "अरे, माकडांकय आता माझी भीती उरूक नाय," काका मला म्हणाले. त्या स्वरात नारळाचं दुःख कमी होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला आता आपल्याला कोणी भीत नाही हे कळतं, त्याचं दुःख जास्त होतं.

गावात कारणमीमांसा सुरू झाली. शाळेचे निवृत्त मास्तर म्हणाले, दारू दमट झाली असणार, कोकणातली हवाच तशी. दुकानदार म्हणाला, केप जुने असतील, नवीन घ्या. शेजारच्यांनी बोट ठाण्याकडे दाखवलं. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या आणि दोन्ही वेळी काकांची बंदूक रीतसर जमा झाली होती. एवढे दिवस परक्या घरी राहिलेली वस्तू बिघडून येणारच, असं त्यांचं म्हणणं. मुंबईच्या गिरणीतून निवृत्त होऊन आलेले एक फिटर मात्र नीट वाकून बघते झाले आणि म्हणाले, "घोडा वाकडा पडतोय. केपाच्या मध्यावर न पडता कडेवर पडतोय. द्या इकडे, हातोड्याचे दोन ठोके घालतो, सरळ होईल."

निदान बरोबर होतं. उपचार ऐकून काकूच्या अंगावर काटा आला. तिने कायद्याचा मुद्दा काढला: बंदूक बाळगायला परवाना लागतो तसा ती दुरुस्त करायलाही लागतो. गिरणीतल्या फिटरपणाचा अनुभव चाळीस वर्षांचा असला तरी तो परवाना होत नाही. काकांनी हे कानाआड केलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी एक गोष्ट घडली आणि तिने सगळ्यांची तोंडं बंद झाली.

घोड्याचं तोंड सपाट नसतं, वाटीसारखं थोडं खोलगट असतं. घोडा नीट पडला की ही वाटी केपावर झाकण घालते आणि फुटलेल्या तांब्याचे तुकडे आतल्या आत राहतात. कडेवर पडला की एक बाजू उघडी राहते. त्या दिवशी केप फुटला, बार झाला नाही, आणि तांब्याचा तुकडा उघड्या बाजूने उडून काकांच्या गालाला लागला. डोळ्याच्या खाली बोटभर. तांदळाच्या कणीएवढी जखम. काका म्हणाले, डास चावला असेल. काकूने हळद दाबली, कपाटाला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाली, "डोळो गेलो तर माडार किती नारळ रवले ते कोण मोजतलो? एकतर बंदूक नीट होतली, नायतर सरकारजमा होतली."

मुंबईहून चुलतभावाचा फोन आला, सरकारजमाच करा म्हणून. परवान्याच्या नूतनीकरणाची वेळही जवळ आली होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच वर्षं झाली आहे. काका म्हणाले, "सरकारचो माझ्यार पाच वर्साचो विश्वास आसा, आणि घरच्यांचो पाच दिसांचो नाय." तेव्हा बंदूक, परवाना, काका आणि काकू अशी सगळी मंडळी माझ्या गाडीत बसून तालुक्याच्या पलीकडे, दुरुस्तीचा परवाना असलेल्या एका मिस्त्रींकडे निघाली. काकू कशाला, असं मी विचारलं नाही. किल्ली तिच्याकडे होती.

मिस्त्री साठीचे, बुटके, जाड भिंगाचे. काकांनी "रिकामीच आहे" म्हणून बंदूक पुढे केली. मिस्त्रींनी ती घेतली, नळीचं तोंड भिंतीकडे केलं, गज आत सोडला, तोंडापाशी अंगठ्याने खूण धरली, गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून पाहिला. टोक निपलापर्यंत पोचलं, म्हणजे आत काही नाही. मग म्हणाले, "रिकामी आसा म्हणान सगळेच सांगतत. गज खोटा बोलणा नाय." मला हा माणूस तिथेच आवडला.

मग त्यांनी हत्यारांच्या पेटीतून कानस, पकड, पेचकस असं एकेक बाजूला करत काजळाची डबी काढली. काकूच्या भुवया वर गेल्या. मिस्त्रींनी करंगळीने निपलाच्या डोक्याला काजळ लावलं, घोडा अंगठ्याने धरून अलगद खाली टेकवला आणि पुन्हा वर केला. घोड्याच्या वाटीत काजळ उमटलं होतं. उमटायला हवी होती मध्यावर गोल टिकली. उमटली होती कडेला टेकलेली बारीक कोर. चतुर्थीचा चंद्र.

"मान वाकडी ना?" काका म्हणाले. "तापवून सरळ करा."

मिस्त्रींनी मान हलवली. "घोडो वाकडो नाय, काकानू. घोडो ढिलो आसा. आदी ढिला काय ता बघूचा. मगे वाकडा काय ता."

हे वाक्य मी मनात लिहून ठेवलं.

घोडा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेला असतो ती पट्टी दोन स्क्रूंनी लाकडी दस्त्यात आवळलेली असते. कोकणात लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. दर वर्षी स्क्रू केसभर सैल होतो. ते सैल होतेच. शिवाय पट्टीमागचं लाकूड एका बाजूला खचलं होतं, त्यामुळे पट्टी आणि तिच्यावरचा घोडा दोघेही कलले होते. मिस्त्रींनी खचलेल्या जागी पातळ लाकडाची चकती चिकटवली, स्क्रू आवळले, पण फार नाही. फार आवळले की आतली कळच जाम होते. पुन्हा काजळ. अष्टमी.

मग घोडा त्याच्या आसावरून उतरवला. आस चौकोनी, घोड्याचं भोकही चौकोनी. पन्नास-साठ वर्षं डोकं आपटून त्या भोकाचे कोपरे झिजले होते, त्यामुळे घोडा चालताना डुलत होता. मिस्त्रींनी भोकाच्या कडा आतून बारीक ठोक्यांनी जवळ आणल्या, इतक्या की घोडा आसावर बसताना त्याला आग्रह करावा लागला. निपल पाहिला तर त्याचं डोकं एकाच बाजूने मार खाऊन चपटं झालं होतं. तो काढून त्याच आट्यांचा नवीन बसवला. पुन्हा काजळ. द्वादशी.

उरला होता तेवढा वाकडेपणा खरा होता, मानेचाच. आता मिस्त्रींनी भाता पेटवला. कमान, चाप, पट्टी सगळं लांब ठेवलं, कारण कमानीला आच लागली की तिचा ताठा जातो. तापवायचा फक्त घोडा, आणि घोड्याचीही फक्त मान. ती लालबुंद झाली तेव्हा सांडशीने एवढीशी, सुताएवढी वळवली. डोळ्याला कळलीही नाही. काकांनी विचारलं, थंडच दोन ठोके घातले असते तर? मिस्त्री म्हणाले, ओतीव घोडा असला तर मान तुटून हातात आली असती. मग घोड्याच्या तोंडाला पुन्हा पाणी दिलं, कारण आचेने लोखंड मऊ होतं आणि मऊ तोंडाचा घोडा चार दिवसांत पुन्हा खड्डा पाडून घेतो. सगळं जोडलं. काजळ लावलं. घोडा टेकवला, उचलला.

पौर्णिमा. मधोमध, गोल, चारी बाजूंनी सारखी.

"कुंकू लावल्यासारखा दिसता," काकू म्हणाली. सबंध प्रवासात तिने बंदुकीबद्दल काढलेले हे पहिले चांगले शब्द.

परसात जाऊन मिस्त्रींनी शेवटची परीक्षा घेतली. दारू नाही, नुसता केप. नळीचं तोंड जमिनीवरच्या एका वाळक्या फणसाच्या पानाजवळ धरलं आणि चाप ओढला. टक् असा कोरडा आवाज झाला आणि पान हातभर उडालं. म्हणजे केपाचा श्वास निपलातून नळीतून थेट बाहेर येतोय, वाट मोकळी. तांब्याचे तुकडे वाटीत जसेच्या तसे. मिस्त्रींनी पैसे घेतले, पावती दिली, आणि बजावलं की काहीही झालं तरी डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय घोडा चढवायचा नाही.

निवडणुकीच्या वेळी ठाण्यात आपटली असेल का, असं काकांनी आशेने विचारलं. मिस्त्री हसले. ही झीज एका वर्षाची नव्हे, म्हणाले. चाळीस वर्षं थोडी थोडी होत आली आहे, बार फसायला लागल्यावर तुम्हाला दिसली.

परतीच्या वाटेवर मी त्या कोरीचा विचार करीत होतो. घरात बाप-लेकाचं पटेनासं झालं, दोन भावांचा अबोला झाला की आपण फिटरसाहेबांच्या पंथाचे होतो. अमक्याची मान वाकडी आहे, दोन ठोके घाला. किंवा काकांच्या पंथाचे, भाता पेटवा. स्क्रू सैल झालाय का, मागचं लाकूड खचलंय का, कोपरे झिजलेत का, हे बघायला कोणी काजळाची डबी काढत नाही. मानेत असलेला दोष शेवटी सुताएवढा निघाला. बाकी सगळं ढिलं होतं.

नूतनीकरणाचा अर्ज गेला. चुलतभावाने पुन्हा सरकारजमाचं नाव काढलं नाही, कारण फोन काकूने घेतला होता. पहिला बार झाला तो एका सकाळी. काकांच्या डोळ्यांवर वाचायचा चष्मा, तो पडू नये म्हणून मागून सुतळीने बांधलेला. आवाज सड्यापलीकडे गेला. वानरांची अख्खी टोळी तीन वाड्या ओलांडून गेली. काका धुरात उभे होते. वळून एवढंच म्हणाले, "बार झालो." आणि मग चष्मा काढून पुसला, जरा जास्तच वेळ पुसला.

हल्ली दारू फारशी लागत नाही असं काका सांगतात. रिकाम्या बंदुकीचा घोडा नुसता अर्ध्यावर चढवल्याचा आवाज ऐकला तरी माडावर हालचाल सुरू होते. काकूचं मत निराळं आहे. वानरं बंदुकीला भीत नाहीत, सुतळीने बांधलेल्या त्या चष्म्याला भितात, असं ती म्हणते.